पाहावयास शिकविणारा कार्व्हर

पाचवी-सहावीच्या मुलांना निसर्गचित्र काढावयास सांगितले की बहुतेक कागदांवर एकच चित्र उमटते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा अर्धा सूर्य, खाली नागमोडी वाहणारी नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळाचे झाड आणि आकाशात वाकड्या रेघांचे चार पक्षी. ज्यांच्या गावी डोंगर नाही आणि ज्यांनी नारळाचे झाड उभ्या जन्मात पाहिलेले नाही, तीही मुले हेच चित्र काढतात. ज्यांच्या आयांनी दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून त्यांना शाळेत धाडले, त्यांच्या कागदावर कापसाचे बोंड कधीच येत नाही. पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही अध्यापन केले आणि या चित्रांना दहापैकी आठ-आठ गुणही दिले. इतिहासाचे शिक्षक असलो तरी लहान शाळेत चित्रकलेचा तास वाट्याला येतोच. मुले जे पाहतात ते न काढता जे शिकविले गेले ते काढतात, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. ते आणून दिले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या चरित्राने.

कार्व्हर हे नाव मराठी वाचकांस नवे नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली आले आणि आमच्या पिढीतील असंख्य विद्यार्थ्यांनी ते वाचले. परंतु त्या वाचनातून बहुतेकांच्या मनात राहिला तो भुईमुगाचा शास्त्रज्ञ. चित्रकार कार्व्हर आणि मुलांना रानात नेऊन पानाफुलांसमोर उभे करणारा शिक्षक कार्व्हर मात्र काहीसा मागे पडला. प्रस्तुत लेखात आम्ही त्या कार्व्हरविषयी लिहीत आहोत.

त्यांचा जन्म अमेरिकेतील मिसूरी राज्यात डायमंड ग्रोव्ह या वस्तीजवळच्या एका शेतावर १८६४ च्या सुमारास झाला. नक्की तारीख उपलब्ध नाही, कारण गुलामाच्या पोराची जन्मतारीख लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटत नसे. आपल्या आज्या-पणज्यांच्या जन्मतारखा आपणांस का ठाऊक नाहीत, हे ज्यांना उमगते त्यांस यात आश्चर्य वाटणार नाही. आई मेरी ही मोझेस कार्व्हर या शेतकऱ्याने विकत घेतलेली गुलाम. यादवी युद्धाच्या धामधुमीत लुटारूंनी आई आणि तान्हे मूल यांस पळवून नेले. मूल परत मिळाले. त्याच्या मोबदल्यात मोझेसने एक घोडा दिला असे सांगतात. आई पुन्हा कधीच सापडली नाही.

गुलामगिरी संपली तेव्हा जॉर्ज आणि त्याचा थोरला भाऊ जिम हे मोझेस व सुझन कार्व्हर यांच्याच घरी वाढले. जिम दणकट होता, शेतात राबे. जॉर्ज आजारी, किरकोळ देहाचा, म्हणून त्याच्या वाट्याला घरातील कामे आली आणि उरलेला वेळ मिळाला. हा उरलेला वेळ आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. श्रमिकांच्या मुलांना निसर्ग भेटतो तो कामाच्या रूपाने. रान म्हणजे सरपण, नदी म्हणजे हंडा, गवत म्हणजे भारा. थांबून पाहण्याची मुभा त्यांस नसते. या एका पोराला ती शरीराच्या दुबळेपणामुळे मिळाली. तो जंगलात जाई, रोपे उपटून आणी आणि झाडीत लपविलेल्या एका जागी ती पुन्हा लावी. बाग लपवावी लागे, कारण फुलझाडांत वेळ घालविणे हा तिथे रिकामटेकडेपणा समजला जाई. आजारी रोपे त्याच्या हाताखाली बरी होऊ लागली, तेव्हा आसपासच्या बाया त्याला झाडांचा वैद्य म्हणू लागल्या.

चित्रकलेची सुरुवातही तिथलीच. एका शेजारणीच्या घरी भिंतीवर टांगलेली चित्रे त्याने पाहिली आणि आपणही असे करावे या ध्यासाने तो परतला. रंग विकत घेणे शक्य नव्हते. त्याने बोरांसारखी रानफळे, मुळे आणि साली यांच्यापासून रंग केले आणि सापडेल त्या फळकुटावर, डब्याच्या पत्र्यावर चितारले.

याच काळात, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांस अर्पण केला. त्या मुक्तीचा लाभ झालेल्या लक्षावधी मुलांपैकी एक मूल त्या वर्षी मिसूरीच्या रानात फळांच्या रसाने फुले रंगवीत होते. जोतीरावांस त्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते.

मुक्ती कायद्याने मिळाली होती, शाळा मात्र मिळाली नव्हती. जवळच्या शाळेत काळ्या मुलांस प्रवेश नसल्याने जॉर्ज लहान वयातच काही कोस चालत निओशो गावी गेला. तिथे मराया वॉटकिन्स या कृष्णवर्णीय सुईणीने त्याला आसरा दिला. कपडे धुण्यात मदत करावी आणि मधल्या सुट्टीतही धावत येऊन हातभार लावावा, अशी रीत होती. औषधी वनस्पतींचे ज्ञान तिच्याकडून त्याला मिळाले. पुढे कॅन्सस राज्यात गावोगाव फिरत, लोकांचे कपडे धुऊन आणि स्वयंपाक करून त्याने शिक्षण चालू ठेवले. फोर्ट स्कॉट येथे १८७९ साली जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाची केलेली निर्घृण हत्या त्याने डोळ्यांनी पाहिली आणि ते गाव सोडले. हायलँड येथील महाविद्यालयाने त्याला पत्राने प्रवेश दिला आणि तो दारात उभा राहताच त्याचा वर्ण पाहून नाकारला. अर्जावरील नाव चालते आणि माणूस चालत नाही, हा अनुभव आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

अखेर १८९० साली आयोवा राज्यातील सिम्पसन महाविद्यालयाने त्यांस घेतले. तिथे ते चित्रकला शिकू लागले. एटा बड या त्यांच्या शिक्षिका. शिष्य फुले काढीत नाही, फुलांचा अभ्यास मांडतो आहे, हे या बाईंच्या लक्षात आले. पाकळी कोठे जोडली आहे, देठाला बाक कोठे पडतो, हे त्यांच्या चित्रात अचूक असे. परंतु काळ्या माणसाला चित्रांवर पोट भरता येईल का, ही चिंताही त्यांना होती. त्यांचे वडील एम्स येथील कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. त्यांच्याच सल्ल्याने कार्व्हर १८९१ साली एम्सला गेले आणि वनस्पतिशास्त्राकडे वळले.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. कुंचला खाली ठेवण्याचा हा निर्णय सुखाचा नव्हता. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या युक्का आणि निवडुंग यांच्या चित्रास सन्माननीय उल्लेख मिळाला, म्हणजे गुणांची कमतरता नव्हती. तरी समाजातील एखादा मुलगा चित्रकार होऊ म्हणतो तेव्हा घरची माणसे ज्या कारणाने घाबरतात, त्याच कारणाने हा माणूस शेतकीकडे गेला. आमच्याही शाळेच्या इतिहासात असे कुंचले खाली ठेवले गेले असतील. त्यांतील काहींना आम्हीच तसा सल्ला दिला आहे.

एम्सला ते त्या महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. आरंभी त्यांस इतर विद्यार्थ्यांसोबत जेवू दिले जात नव्हते. १८९४ साली पदवी आणि १८९६ साली पदव्युत्तर पदवी त्यांनी मिळविली. बुरशी आणि वनस्पतींचे रोग हा त्यांचा खास विषय झाला. मुलांचे शिक्षक म्हणून त्यांची पहिली गोष्टही इथलीच आहे. महाविद्यालयातील एका अध्यापकाचा पाच-सहा वर्षांचा मुलगा त्यांच्या मागे रानात जाऊ लागला. कार्व्हर त्याला गवताच्या जाती दाखवीत, फुलाचे भाग उलगडून दाखवीत. त्या मुलाचे नाव हेन्री वॉलेस. तो पुढे अमेरिकेचा कृषिमंत्री आणि १९४१ ते १९४५ या काळात उपराष्ट्राध्यक्ष झाला. वनस्पतींची गोडी आपणांस कार्व्हरनी लावली, हे तो मोठेपणीही सांगत असे. गोऱ्या घरातील मुलाचे बोट धरून गुलामाचा मुलगा त्याला रान दाखवितो आहे, हे दृश्य त्या काळच्या अमेरिकेत विरळाच.

१८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांस अलाबामा राज्यातील टस्कीगी संस्थेत बोलाविले. ही कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी चालविलेली निवासी शाळा होती. विद्यार्थी स्वतः विटा भाजीत आणि इमारती बांधीत. आपणांस हे सारे ओळखीचे वाटावे. कार्व्हर आले ते आपले वनस्पतींचे नमुने घेऊन, आणि राहावयास एक व नमुन्यांस एक अशा दोन खोल्या मिळाल्याने सहकाऱ्यांच्या रोषासह. काही वर्षे सेवा करून पुन्हा चित्रकलेकडे परतावे असा त्यांचा बेत होता. ते परतले नाहीत. सत्तेचाळीस वर्षे तिथेच राहिले.

प्रयोगशाळा म्हणून त्यांस जवळजवळ काहीच मिळाले नाही. विद्यार्थ्यांना घेऊन ते उकिरडे धुंडाळू लागले. फुटक्या बाटल्या, बरण्यांची झाकणे, जुने कंदील, तारा गोळा करून त्यांतून उपकरणे केली. पहाटे चारच्या सुमारास उठून ते एकटेच रानात जात आणि परतताना जे हाती असे तेच त्या दिवसाचे पाठ्यपुस्तक होई. कोटाच्या बटनभोकात रोज एक ताजे फूल किंवा डहाळी खोवलेली असे. विद्यार्थी नमुने आणून त्यांची परीक्षा घेत. एकदा मुलांनी मुंगीचे डोके, कोळ्याचे पाय आणि भुंग्याचे धड जोडून नवा किडा तयार केला आणि त्याचे नाव विचारले, तर त्यांनी शांतपणे त्याला लबाडी असे नाव दिले, ही गोष्ट टस्कीगीत सांगितली जाते. अशीच गोष्ट इतर निसर्गशास्त्रज्ञांच्या नावावरही आहे, म्हणून इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने तिची आम्ही शपथ घेणार नाही. तरी शिक्षकाला फसविण्यासाठी का होईना, त्या मुलांना किड्याचे अवयव निरखून पाहावे लागले असतील.

ग्रामीण शाळांच्या शिक्षकांसाठी त्यांनी निसर्गाभ्यासाची पत्रके लिहिली. १९१० साली निघालेली ग्रामीण शाळांतील निसर्गाभ्यास आणि बागकाम यांवरील त्यांची पुस्तिका प्रसिद्ध आहे. त्यांची रीत साधी होती. मुलाने जवळच्या वस्तूपासून आरंभ करावा. पुस्तकातील हत्ती राहू द्यावा, दारातील गवत हाती घ्यावे. ते पाहावे, चाचपावे, काढावे आणि मग त्याचे नाव विचारावे. एकाच रोपातून गणित निघते, भूगोल निघतो, भाषा निघते आणि चित्रकलाही निघते, ही त्यांची दृष्टी होती. चित्र हा त्यांच्या लेखी करमणुकीचा तास नव्हता. जे नीट पाहिले नाही ते काढता येत नाही, म्हणून काढणे ही पाहण्याची कसोटी होती. अलाबामातील ही मुले अर्धेलीने शेती करणाऱ्या कुटुंबांतील होती. कापूस वेचणीच्या हंगामात त्यांच्या शाळा ओस पडत. ज्या कापसाने त्यांचे बालपण खाल्ले, त्याचेच फूल न्याहाळावयास त्यांना सांगणे ही वरवर पाहता क्रूर थट्टा वाटेल. आम्हांस ती तशी वाटत नाही. ज्या मातीत आपण केवळ राबतो, तिच्याकडे डोळे उघडून पाहणे म्हणजे तिच्यावरील आपला हक्क सांगण्याचा आरंभ आहे.

मातीवरून आठवले. टस्कीगीच्या परिसरातील टेकड्यांत लाल, पिवळ्या, पांढुरक्या चिकणमातीचे थर आहेत. लोक त्या चिखलातून रोज जात. कार्व्हरनी त्या माती धुऊन, गाळून, वाळवून रंग केले आणि १९११ साली त्यावर एक पुस्तिका काढली. झोपड्यांच्या भिंती विनाखर्च रंगविता याव्यात हा हेतू होता. गरिबाचे घर नुसते स्वच्छ नव्हे, सुंदरही असावे असा त्यांचा आग्रह होता. हे रंग ते स्वतःच्या चित्रांसाठीही वापरीत, कधी कुंचला टाकून बोटांनीच. बालपणी रानफळांच्या रसाने जे सुरू झाले होते ते असे चालू राहिले. १९०६ साली संस्थेने खेचरांनी ओढावयाची एक गाडी तयार केली. देणगीदाराच्या नावावरून तिला जेसप गाडी म्हणत. अवजारे, बियाणे आणि नमुने घेऊन ती खेड्यापाड्यांत फिरू लागली. शाळेत येऊ न शकणाऱ्यांकडे शाळा गेली.

आता छायाचित्रांविषयी. १९०२ साली फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन या गोऱ्या महिला छायाचित्रकार टस्कीगीत आल्या. संस्थेतील वर्ग, शेते, कार्यशाळा यांची त्यांनी टिपलेली छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांसमवेत उभे असलेले कार्व्हर त्यांत दिसतात. संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांनी खेड्यांत काढलेल्या शाळांचीही छायाचित्रे त्यांस घ्यावयाची होती आणि कार्व्हर त्यांच्यासोबत निघाले. रॅमर या गावी त्या रात्रीच्या गाडीने उतरल्या. तेथील कृष्णवर्णीय शाळेचा तरुण प्रमुख त्यांना आपल्या घोडागाडीतून नेत असल्याचे पाहून गावातील गोरे खवळले. त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि तो जीव घेऊन पळाला. त्या काळोखात कार्व्हरनी जॉन्स्टनबाईंस सुखरूप बाहेर काढले. आयुष्यातील सर्वांत भयंकर रात्र म्हणून त्यांनी पुढे तिचा उल्लेख केला आहे. त्या तरुणाची शाळा बंद पडली. काळ्या मुलांच्या शाळेची छायाचित्रे घ्यावयाची, एवढ्याच कामासाठी ही किंमत मोजावी लागली. हातात मोबाईल घेऊन स्नेहसंमेलनाचे शंभर फोटो काढणाऱ्या आमच्या मुलांना हे सांगावयास हवे.

पुढे टस्कीगीत छायाचित्रणाचा स्वतंत्र विभागच होता. १९१६ पासून सी. एम. बॅटी तो पाहत. त्याच संस्थेत शिकलेले पी. एच. पोक १९२८ साली तिथे अध्यापक झाले. वृद्ध कार्व्हरची अनेक छायाचित्रे पोक यांनी घेतली आहेत. गुलामीत जन्मलेल्या माणसाचे चित्र आता त्याच समाजातील, त्याच शाळेत शिकलेला माणूस टिपीत होता.

भुईमुगाची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून ती थोडक्यात. कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग, चवळी, रताळी लावावीत हा त्यांचा खरा उपदेश. १९२१ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे त्यांनी दिलेल्या साक्षीमुळे देशभर नाव झाले. भुईमुगाचे लोणी त्यांनी शोधले असे आमच्याकडेही सर्रास लिहिले जाते, ते चूक आहे.

दुसरीही एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. कार्व्हर राजकारणापासून दूर राहिले. वर्णभेदाविरुद्ध त्यांनी उघड आवाज उठविला नाही. टस्कीगीचे धोरणच नमते घेण्याचे होते आणि त्यावर डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी कठोर टीका केली. बुकर वॉशिंग्टन १९१५ साली वारले, तेव्हा बाबासाहेब न्यू यॉर्क येथे कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्यांनी पुढे जो मार्ग धरला तो टस्कीगीचा नव्हे. संघर्षाच्या शिकवणीवर वाढलेल्या आमच्या मनास कार्व्हरचे मौन टोचते. परंतु अपमान गिळून त्यांनी दोन पिढ्यांना जे डोळे दिले, ते या मौनामुळे खोटे ठरत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि चरित्र लिहिताना दोन्ही लिहाव्यात.

त्यांनी लग्न केले नाही. पगार वाढवून मागितला नाही. सुमारे साठ हजार डॉलरची आयुष्यभराची बचत त्यांनी संशोधन आणि संग्रहालयासाठी दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी ते वारले आणि बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांचे दफन झाले. त्याच वर्षी त्यांचे जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाले. ज्या शेतावर त्यांची आई मालकीची वस्तू होती, तेच हे शेत.

टस्कीगीच्या संग्रहालयात त्यांची ४८ चित्रे ठेवली होती. १९४७ साली तिथे आग लागली आणि तीन वगळता सारी नष्ट झाली, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. १८९३ सालचे युक्का आणि निवडुंगाचे चित्र वाचले. दुरुस्त करून ते तिथेच टांगलेले आहे. यंदा सहावीच्या वर्गात आम्ही त्याची छापील प्रत भिंतीवर लावली आणि मुलांना शाळेच्या कुंपणापर्यंत नेले. कुंपणाला बाभळी आहेत. एका मुलीने शेंगेतील बिया मोजल्या आणि तेवढ्याच काढल्या. डोंगर कोणीही काढला नाही. सूर्य मात्र दोघांनी काढला.